ऑफिसचं नेट एक, त्यावर जगणारे पन्नास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, चोपडा असं फिरून मी लहान ऑफिसांचं नेटवर्क बघतो. दालमिल, जिनिंग, पतसंस्था, सीएचं ऑफिस, असली गिऱ्हाईकं. फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतो, "भाऊ, नेट चालत नही शे". जाऊन बघावं तर लाईन ठणठणीत असते, पण वीस माणसांच्या ऑफिसात साठ डिव्हाइस नेट ओढत असतात आणि त्यातले निम्मे कुणाचे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं.

शेअर केलेलं कनेक्शन म्हणजे नेमकं काय? वायफाय तर सगळेच शेअर करतात ना?

तुमच्या राउटरने ज्याला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला नंबर, दिला तो तुमच्या यादीत असतो, त्याचं नाव दिसतं, किती डेटा ओढला ते दिसतं, त्याला बंद करता येतं. भानगड तिथे होते जिथे त्या यादीतला एक जण स्वतःच दुकान मांडून बसतो. लॅपटॉपला ऑफिसची वायर लावली आणि त्याच लॅपटॉपवर मोबाईल हॉटस्पॉट चालू केला, की विंडोज स्वतः छोटा राउटर बनतं, १९२.१६८.१३७.१ हा ॲड्रेस स्वतःला घेतं आणि मागे आठ डिव्हाइसपर्यंत वाटत बसतं. तुमच्या राउटरला मात्र एकच लॅपटॉप दिसतो. बरेच नवे अँड्रॉइड फोनसुद्धा वायफाय घेऊन पुढे हॉटस्पॉटने देतात. आयफोनचा हॉटस्पॉट फक्त सिमचा डेटा वाटतो, वायफाय पुढे देत नाही, त्यामुळे आयफोनवाल्यावर या बाबतीत उगाच संशय घेऊ नका. तिसरा प्रकार सगळ्यात डोकेदुखीचा, घरचा जुना राउटर पिशवीत घालून आणायचा आणि भिंतीतल्या पॉइंटला खोचायचा. त्याची एक कथाच आहे, खाली सांगतो.

मालक म्हणतात आपण खान्देशातलं एवढंसं ऑफिस, हे आयटी-फायटी कशाला?

मालकांना सांगा की आजची विप्रो १९४५ मध्ये अमळनेरलाच निघाली, वनस्पती तेलाची कंपनी म्हणून. बाकी मालक आकड्याशिवाय ऐकत नाहीत म्हणून आकडा सांगा. १०० एमबीपीएसची लाईन म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे एक जीबीचा पिक्चर कुणी फुल्ल स्पीडने ओढला तर ऐंशी सेकंद बाकी सगळे ताटकळले. असे चार जण एका हॉटस्पॉटमागे बसले आणि त्याच वेळी गेटवर भरलेला ट्रक ई-वे बिलासाठी उभा असला तर मालक स्वतःच विचारतात, कोण ओढू राह्यलं रे.

कुणाच्या मागे कोण लपलंय ते कळतं कसं?

टीटीएलवरून. नेटवरचा डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो, प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेत जेवढे राउटर लागतील तेवढ्या वेळा तो एकाने कमी होतो, शून्य झाला की पॅकेट फेकून देतात. विंडोज सुरुवात करतं १२८ पासून. अँड्रॉइड, आयफोन, मॅक, लिनक्स हे सगळे ६४ पासून. आता तुमच्या राउटरला थेट लागलेला पीसी असेल तर त्याचं पॅकेट १२८ घेऊनच येईल, पण तेच पॅकेट कुणाच्या तरी हॉटस्पॉटमधून आलं असेल तर १२७ असेल. फोन मागे बसला असेल तर ६३. एकाच आयपीवरून १२८ पण येतंय आणि ६३ पण येतंय म्हणजे लॅपटॉपच्या मागे फोन आहे, समोरच दिसलं.

मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर फायरवॉलच्या मँगल भागात, प्रीराउटिंगला म्हणजे पॅकेट राउटरमध्ये शिरतानाच, नियम टाकायचा, टीटीएल ६३ किंवा १२७ असेल तर त्या सोर्स ॲड्रेसला, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आयपीला, एका ॲड्रेस लिस्टमध्ये जमा कर, एवढंच. लगेच ब्लॉक करू नका, आठ दिवस नुसती यादी बनू द्या. मी असंच करतो, आणि दर वेळी यादीत असं एखादं नाव निघतं की ब्लॉक केलं असतं तर माझंच कनेक्शन तुटलं असतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मध्ये तुमचाच लेयर थ्री स्विच (वायरी जोडायचा डबा, पण राउटरचंही काम करणारा) किंवा दुसरा राउटर असेल तर सगळ्यांचाच टीटीएल एकाने कमी दिसेल, सगळं ऑफिस चोर ठरेल. आणि साधा ॲक्सेस पॉइंट (वायरीवरून वायफाय देणारा डबा) किंवा ब्रिज मोडमधला, म्हणजे नुसतं पुढे पाठवणारा, रिपीटर टीटीएल कमी करत नाही, पण त्यात घाबरायचं काही नाही, कारण त्याच्यामागचे सगळे तुमच्या यादीत आपापल्या आयपीने दिसतातच.

मग टीटीएल १ करून टाकला की झालं ना? यूट्यूबवर तेच सांगतात.

युक्ती खरी आहे. राउटरमधून लॅनकडे, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्ककडे, जाणाऱ्या पॅकेटचा टीटीएल १ करायचा, ज्याला थेट लागलंय त्याला ते नीट मिळतं, पण त्याने ते पुढे द्यायचा प्रयत्न केला की शून्य होऊन तिथेच मरतं. हॉटस्पॉट चालू दिसतो, मागच्याला नेट मात्र नाही. पोरं दोन दिवस फोन रिस्टार्ट करत बसतात.

पण डोळे झाकून लावू नका. ज्या पीसीच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा पीसी, नॅट मोडमध्ये (बाहेरच्या पीसीच्याच आयपीमागे) चालतं त्याचंही नेट बंद पडू शकतं, एका सीएकडे जुनं सॉफ्टवेअर तसंच चालत होतं आणि रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात मी हे करून ठेवलं, पुढचं काय सांगू. आयपीव्ही६ (आयपी ॲड्रेसची नवी पद्धत) चालू असेल तर तिथे हॉप लिमिट नावाने हाच आकडा असतो, त्याचा नियम वेगळा टाकावा लागतो, नाहीतर दार एक लावलं आणि खिडकी उघडी. आणि ज्याला खरंच जमतं तो मधल्या राउटरवर टीटीएल पुन्हा वाढवून घेतो. लहान ऑफिसात असा माणूस क्वचित सापडतो, पण सापडला तर त्याला रागावण्यापेक्षा नेटवर्कच्या कामाला लावा.

पासवर्ड मी कुणालाच सांगितला नाही, तरी चहावाल्याच्या पोराकडे कसा गेला?

क्यूआर. अँड्रॉइड १० पासून सेव्ह केलेल्या वायफायवर शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, समोरच्याने स्कॅन केला की जोडला. त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरात लिहिलेला असतो, काही लपवलेलं नसतं. म्हणजे तुम्ही एका क्लार्कला पासवर्ड दिला तेव्हाच तो अख्ख्या गल्लीला दिला. एक पासवर्ड सगळ्यांना, या पद्धतीत हे थांबवताच येत नाही, महिन्याला बदलला तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला आपापलं युजरनेम पासवर्ड, याला डब्ल्यूपीए टू एंटरप्राइज म्हणतात, मागे रेडियस सर्व्हर, म्हणजे नाव-पासवर्ड तपासणारा, लागतो. फ्रीरेडियस फुकट आहे, मायक्रोटिकचा स्वतःचा रेडियस सर्व्हर युजर मॅनेजर नावाने येतो. कुणी नोकरी सोडली की फक्त त्याचं खातं बंद, बाकीच्यांना पासवर्ड बदलल्याचा त्रास नाही. पतसंस्थेसारख्या ठिकाणी मी आता दुसरं काही लावतच नाही. हेही सांगून ठेवतो की याने अनोळखी माणूस आत येत नाही, पण आत आलेल्याने मागे कुणाला बसवलं तर ते याला कळत नाही, त्याला टीटीएलच बघावा लागतो.

मॅक ॲड्रेस फिल्टर लावला तर?

मॅक म्हणजे प्रत्येक डिव्हाइसला कंपनीने दिलेला नंबर, त्यावरून आत घ्यायचं की नाही ठरवायचं, हे पूर्वी चालायचं. आता अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनवलेला मॅक दाखवतो. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला समजा, कंपनीचं नाव शोधत बसू नका, सापडणार नाही. आणि राउटर खोचणारा तर मॅक क्लोनचं बटण दाबून पीसीचाच मॅक घेतो, स्विचला वाटतं जुनाच पीसी आहे. यादी सांभाळण्यात तुमचं आयुष्य जाईल. प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन असल्या जागेवरून न हलणाऱ्या वस्तूंना मॅक बांधून ठेवा, तिथे त्याचा उपयोग आहे.

एकाने राउटर लावला आणि सगळ्या ऑफिसचं नेट गेलं, असं कसं होतं?

हीच ती कथा. एक जिनिंग, नाव नको, दिवाळीनंतरचे दिवस, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. सकाळी फोन आला की अर्धे पीसी चालतात अर्धे नाही, आणि जे चालतात तेही बिलिंगच्या सर्व्हरला लागत नाहीत. मला वाटलं स्विच गेला, नवा घेऊन गेलो. नेट बंद असलेल्या एका पीसीवर आयपीकॉन्फिग (पीसीचा ॲड्रेस दाखवणारी कमांड) बघितलं तर ॲड्रेस १९२.१६८.०.१०७, आणि आमचं नेटवर्क तर १९२.१६८.१० चं. म्हणजे ऑफिसात दुसरंच कुणीतरी ॲड्रेस वाटत होतं.

असं होतं तेव्हा काय झालेलं असतं ते सांगतो. घरच्या राउटरला एक वॅन पोर्ट असतो, बाहेरून नेट घ्यायला, आणि तीन-चार लॅन पोर्ट, आत वाटायला. भिंतीची वायर वॅनमध्ये घातली असती तर तो गुपचूप मागे वाटत बसला असता, कुणाला पत्ता लागला नसता. पण घातली लॅनमध्ये. आता त्याचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे ॲड्रेस वाटणारा भाग, अख्ख्या ऑफिसला ॲड्रेस वाटायला मोकळा, आणि पीसी उठला की तो सहसा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचंच ऐकतो. नशीब चांगलं तर आपला राउटर, नाहीतर हा उपरा, ज्याच्याकडे नेटच नाही. म्हणून अर्धे चालू, अर्धे बंद, आणि रिस्टार्ट केलं की कधी चालू झालेला बंद पडतो.

शोधला कसा? आयपीकॉन्फिग ऑलमध्ये डीएचसीपी सर्व्हर म्हणून १९२.१६८.०.१ दिसत होता, एआरपीमधून, म्हणजे कुठल्या आयपीचा मॅक कुठला त्या यादीतून, त्याचा मॅक काढला. मॅनेज्ड स्विच, म्हणजे आत शिरून सेटिंग बघता येतील असा स्विच, असता तर मॅक टेबलमध्ये पोर्ट नंबर दिसला असता आणि पाच मिनिटांचं काम होतं. तिथे होता साधा स्विच, मग एका पीसीवर १९२.१६८.०.१ ला पिंग चालू ठेवून एकेक वायर उपटत बसलो. चौदावी वायर काढली आणि पिंग थांबलं. ती वायर गेली वजनकाट्याच्या खोलीत, टेबलाखाली, काट्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यामागे. राउटरवर हळद-कुंकवाचं बोट आणि वाळलेलं झेंडूचं फूल चिकटलेलं. म्हणजे दसऱ्याला वजनकाट्याच्या जोडीने त्याचीही पूजा झाली होती आणि मी तेव्हापासून दोनदा त्या खोलीत चहा पिऊन गेलो होतो. इतके दिवस तो वॅनवर गुपचूप चालला, आदल्या रात्री झाडताना वायर निघाली आणि कुणीतरी दिसेल त्या भोकात घातली.

आता त्या जागी मॅनेज्ड स्विच आहे आणि त्यात डीएचसीपी स्नूपिंग चालू आहे, म्हणजे राउटरकडचा एक पोर्ट विश्वासाचा आणि बाकी कुठल्याही पोर्टवरून कुणी ॲड्रेस वाटायला लागला तर स्विच ते पॅकेटच पुढे जाऊ देत नाही. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

पण वजनकाट्यावरच्या माणसाने राउटर आणलाच का? त्याच्यावर कारवाई काय केली?

काही नाही केली, मीच चुकलो होतो. मधे पत्र्याचं मोठं शेड, पत्र्यातून वायफाय जात नाही, आणि काट्याच्या पीसीला वायर होती पण तिथल्या तिघांच्या मोबाईलला रेंजच नव्हती. व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो पाठवायचा तर माणूस उन्हातून ऑफिसपर्यंत चालत यायचा. त्याने आपलं आपण सोडवलं. तिथे मी ॲक्सेस पॉइंट बसवला आणि राउटर त्याने स्वतःहून घरी नेला.

माझा अनुभव असा की मागच्या दाराने घेतलेलं नेट दहातल्या आठ ठिकाणी गरजेपोटी असतं. आधी फोन हातात धरून सगळं आवार फिरा, कुठे रेंज जाते ते बघा, मग नियम लावा. उलटं केलं तर रोज नवा राउटर शोधत बसाल. वायर टाकताना इथरनेटची मर्यादा १०० मीटर, जिनिंगच्या आवारात ती सहज ओलांडते, तिथे फायबर टाका. फायबरमधून वीज येत नाही हा वरचा फायदा, वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या लांब वायरीवरचे स्विच कसे जातात ते इथल्या माणसाला सांगायला नको. आणि स्विच पत्र्याला टेकवून लावू नका, मे महिन्यात बाहेर ४५ असतं, पत्र्याखाली तो भाजून निघतो.

विंडोजमध्येच हॉटस्पॉट बंद करता येतो का?

येतो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजची नियम लावायची जागा) नेटवर्क कनेक्शन्सच्या खाली इंटरनेट कनेक्शन शेअरिंगला मनाई करणारी सेटिंग आहे, ती एनेबल करा, नाव मनाईचं आहे म्हणून एनेबल, इथे पुष्कळ जण उलटं करतात. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी मिळत नाही, तिथे सर्व्हिसेसमध्ये जाऊन इंटरनेट कनेक्शन शेअरिंग आणि मोबाईल हॉटस्पॉट सर्व्हिस डिसेबल करा. आणि युजरला ॲडमिनचे हक्क देऊन ठेवले असतील तर हे सगळं पाण्यात, तो पाच मिनिटांत परत चालू करेल. हायपर-व्ही (विंडोजचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मशीनवर तपासून करा, त्याचा डिफॉल्ट स्विच याच सर्व्हिसवर चालतो.

मी माझ्या मोबाईलचा डेटा ऑफिसच्या पीसीला लावतो, कंपनीचं काय जातं?

पैसे जात नाहीत खरं. पण तुमच्या पीसीला एका बाजूने ऑफिसची वायर आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीने मोबाईल, म्हणजे एकाच वाड्याला दोन दारं. पुढच्या दाराला फायरवॉल नावाचा वॉचमन बसलाय आणि मागचं दार सताड उघडं. काही उलटंसुलटं डाउनलोड झालं तर ते त्या दाराने येणार आणि वायरीने सर्व्हरपर्यंत जाणार. टॅलीचा डेटा लॉक होऊन स्क्रीनवर पैशांची मागणी आलेली मी बघितलीय, मालक पांढरे फटक पडले होते. अगदीच लागलं तर वायर काढा, काम करा, मोबाईल काढा, मग वायर लावा.

शेवटी स्पीडचं काय, सगळ्यांना सारखं कसं मिळेल?

खरं तर हा प्रश्न पहिला हवा होता, कारण बऱ्याच ठिकाणी एवढं केलं की बाकी काही करावंच लागत नाही. प्रत्येक आयपीला सारखा वाटा द्यायचा, मायक्रोटिकमध्ये पीसीक्यू म्हणतात, डाउनलोडला डेस्टिनेशन ॲड्रेसवर आणि अपलोडला सोर्स ॲड्रेसवर वर्गीकरण. १०० ची लाईन आणि वीस जण एकाच वेळी ओढत असतील तर प्रत्येकाला ५, दोघंच असतील तर ५०-५०. शेतातल्या भरीत पार्टीसारखं, पत्रावळ माणशी एक, तुम्ही मागे पाच पोरं आणून बसवली तर त्या सगळ्यांनी तुमच्याच पत्रावळीतून खायचं. हॉटस्पॉट वाटणाऱ्याचं स्वतःचंच काम स्लो होतं आणि तो आपोआप बंद करतो, तुम्हाला भांडायला जावं लागत नाही.

पाहुणे, ड्रायव्हर, ऑडिटला आलेली माणसं, यांना नेट द्यायचं का?

द्या, पण वेगळं. गेस्ट नावाचं वायफाय, वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरीवरच्या वेगळ्या नेटवर्कवर, तिथून ऑफिसचा सर्व्हर दिसता कामा नये आणि एका गेस्टला दुसरा गेस्टही दिसता कामा नये, त्याला क्लायंट आयसोलेशन म्हणतात. कूपन पद्धत लावली तर एका कूपनवर एका वेळी एकच डिव्हाइस अशी मर्यादा टाका. डीएचसीपीची लीज, म्हणजे ॲड्रेस राखून ठेवायची मुदत, तासा-दोन तासांची ठेवा, नेहमीच्या नेटवर्कमध्ये २५४ च ॲड्रेस असतात आणि लीज आठवड्याची असेल तर सोमवारचे ड्रायव्हर शुक्रवारपर्यंत जागा अडवून बसतात.

सीसीटीव्ही त्याच नेटवर चालतो, चालेल का?

नको. वेगळा व्हीलॅन, बाहेर जायला बंदी, मालकांना मोबाईलवर बघायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसात येणारा कुलूपबंद रस्ता.

उद्या सायबरवाले विचारायला आले की तुमच्या कनेक्शनवरून हे कुणी केलं, तर?

तर पहिलं नाव कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे आदेश आहेत, आयटी कायद्याच्या कलम ७०बी खालचे, त्यात कंपन्यांनाही लॉग (कुणी कधी काय वापरलं त्याची नोंद) १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. आता तुमच्या लॉगमध्ये लिहिलंय की हे वजनकाट्याच्या पीसीवरून झालं, आणि त्या पीसीच्या मागे त्या दिवशी कोण कोण बसलं होतं ते तुम्हालाच माहीत नाही, तर सांगणार काय? राउटरची वेळ एनटीपीने, म्हणजे नेटवरच्या घड्याळाशी जुळवून, बरोबर ठेवा, नाहीतर लॉगमध्ये १९७० साल दिसतं आणि कागद कुचकामी. लॉग राउटरच्या मेमरीत राहत नाहीत, एखाद्या जुन्या पीसीवर सिसलॉगने ते पाठवून साठवा. आणि काय नोंदवता ते स्टाफला लेखी सांगून सही घ्या. आपल्याला साईटचं नाव दिसतं, एचटीटीपीएसमुळे आतलं चॅट वगैरे दिसत नाही, हेही सांगा, नाहीतर पोरं उगाच घाबरतात.

सगळे नियम स्टाफला, मालकांच्या पोराच्या गेमिंगचं काय?

प्रत्येक ऑफिसात हे असतंच, टीटीएलच्या यादीत पहिलं नाव कितीदा तिथलंच निघतं. त्याला वेगळा व्हीलॅन द्या, रात्री आठनंतर पूर्ण स्पीड, दिवसा ठरलेला वाटा. फक्त मालकांना आधी विचारून करा. मी एकदा न विचारता केलं होतं, पोराने काही तक्रार नाही केली, पण माझं त्या महिन्याचं बिल निघायला संक्रांत उजाडली.